हृदयातील पर्यायी रक्तवाहिन्या : सामर्थ्य आणि मर्यादा

प्रस्तावना
हृद्रोगी अँजिओग्राफीचा अहवाल पुढे ठेवून विचारतो, "डॉक्टरसाहेब, नैसर्गिक बायपास तयार झालाय म्हणे, मग ऑपरेशन टळेल ना?" या प्रश्नाचे उत्तर आपल्या प्रत्येकास शास्त्रशुद्ध देता आले पाहिजे.

उत्पत्ती
कोरोनरी धमन्यांमध्ये परस्पर जोडणाऱ्या सूक्ष्म वाहिन्या असतात, हे रिचर्ड लोअर यांनी १६६९ मध्येच नोंदविले होते. या वाहिन्या जन्मजात असून एरवी त्यांतून अत्यल्प रक्त वाहते. मुख्य धमनी हळूहळू अरुंद झाली की अवरोधापलीकडील दाब घटतो. दाबातील या फरकामुळे जोडवाहिन्यांतून रक्त वेगाने वाहू लागते. प्रवाहाच्या घर्षणाने अंतःस्तर उद्दीपित होतो, मोनोसाइट पेशी तेथे जमतात, भित्तीची पुनर्रचना होते व वाहिनी रुंदावते. या प्रक्रियेस काही आठवडे ते महिने लागतात. म्हणून गुठळीने धमनी अकस्मात बंद झाल्यास नवी वाट तयार होण्यास अवधीच मिळत नाही. पूर्वीच तयार असलेल्या वाहिन्या तेवढ्या उपयोगी पडतात.

या वाहिन्यांची पूर्तता रेंट्रॉप पद्धतीने (१९८५) शून्य ते तीन अशा श्रेणींत मोजतात. श्रेणी तीन असली तरी बहुधा विश्रांतीपुरताच पुरवठा भागतो. श्रमकाळी तो अपुरा पडून छातीत वेदना होतात.

आयुर्वेदीय विचार
चरकांनी विमानस्थानात हृदय हे प्राणवह व रसवह स्रोतसांचे मूल सांगितले आहे. स्रोतोदुष्टीच्या चार लक्षणांपैकी 'संग' अवरोधाशी जुळतो. मात्र पर्यायी वाहिन्यांस 'विमार्गगमन' म्हणणे आम्हास योग्य वाटत नाही. ते दुष्टीचे लक्षण आहे, तर ही शरीराने केलेली रक्षणयोजना आहे.

अर्धशक्ती व्यायामाचा उपदेश येथे विशेष मोलाचा ठरतो. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या जर्मनीतील चाचणीत, देखरेखीखालील चार आठवड्यांच्या व्यायामाने पर्यायी वाहिन्यांतील प्रवाह सुमारे ४० टक्क्यांनी वाढला. मध्यम व्यायामाचा लाभ तीव्र व्यायामाइतकाच होता. कपाळ, नाक व काखेत घाम येणे आणि मुखशोष ही अर्धशक्तीची लक्षणे रुग्णास समजावून द्यावीत. छातीत दुखू लागताच थांबावे, हेही बजावावे. व्यायामाचा आरंभ हृदयरोगतज्ज्ञांच्या तपासणीनंतरच व्हावा.

अर्जुनाविषयी
अर्जुनाचा इंदूर येथील अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात स्थिर हृच्छूलाच्या रुग्णांस वेदना व श्रमक्षमता या बाबतींत लाभ दिसला. परंतु तेथे पर्यायी वाहिन्या मोजलेल्या नव्हत्या. अर्जुनाने नव्या वाहिन्या फुटतात किंवा ब्लॉक उघडतो, असे रुग्णास सांगण्यास आधार नाही.

व्यवहार
औषधालयचालक बंधूंनी ध्यानात ठेवावे की, हृदयरोग बरा करण्याचा दावा करणारी जाहिरात १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरातविषयक कायद्याने निषिद्ध आहे. अॅस्पिरिनसारखी चालू औषधे आपल्या सांगण्यावरून कोणी बंद करू नयेत. औषधे सोबत देताना हृदयरोगतज्ज्ञांस कळवावे.

चाकूरहून लातूर सुमारे ३५ किलोमीटर आहे. छातीतील दाब, घाम, डाव्या हातात वा जबड्यात पसरणारी कळ ही लक्षणे दिसताच काढा उकळत बसू नये; १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि ईसीजीची सोय असलेल्या जवळच्या रुग्णालयात रुग्णास त्वरित पाठवावे.

उपसंहार
पर्यायी वाहिन्या हा निसर्गाने दिलेला अवधी आहे, अभय नव्हे. तो अवधी पथ्य, माफक व्यायाम, तंबाखूत्याग आणि मधुमेह-रक्तदाबाच्या नियंत्रणासाठी वापरणे, तसेच शस्त्रक्रियेचा निर्णय तज्ज्ञांवर सोपविणे, हेच वैद्याचे कर्तव्य होय.