चूक गिळणारी ओळ

एप्रिलचा पहिला आठवडा होता. एका पतसंस्थेच्या मुख्य कार्यालयात मी कामाला बसले होते आणि एक निवृत्त शिक्षक पासबुक घेऊन आले. "बाई, माझ्या ठेवीचं व्याज दिसत नाही," एवढंच म्हणाले. ठेव १२ लाख ८० हजारांची, दर ८ टक्के, म्हणजे वर्षाचं व्याज १ लाख २ हजार ४०० रुपये. पासबुकात त्याची ओळच नव्हती. ३१ मार्चच्या रात्री व्याज जमा करणारा प्रोग्रॅम मी लिहिलेला होता आणि 'काम पूर्ण झाले' असा संदेश त्याने दिला होता.

शोधल्यावर अशी १७ खाती निघाली. सगळी मोठ्या ठेवींची. व्याजाचा रकाना ओरॅकलमध्ये नंबर(७,२) असा ठेवलेला, त्यात ९९,९९९.९९ च्या पुढची रक्कम मावतच नाही. डेटाबेसने प्रत्येक खात्याला ओआरए-०१४३८ ही चूक दिली होती. ती मीच गिळली होती. लूपच्या आत एक ओळ होती: व्हेन अदर्स देन नल. चाचणीच्या वेळी काही बंद खात्यांचा व्याजदर सापडत नसे आणि सगळं काम थांबे, म्हणून ती घातली होती. त्या अडचणीला नो_डेटा_फाउंड हे नेमकं नाव होतं. तेवढंच पकडायला हवं होतं. मी 'अदर्स' लिहिलं आणि माहीत नसलेल्या सगळ्या चुकांनाही गप्प केलं.

सतरा जणांचं व्याज त्याच दिवशी जमा केलं. प्रोग्रॅम सुधारायला मात्र बरेच दिवस लागले, कारण चुकीचा संदेश नीट हाती येणं वाटतं तितकं सोपं नाही. चुकीचा संदेश देणारं एसक्यूएलएररएम लॉगच्या टेबलातल्या इन्सर्टमध्ये थेट लिहिलं तर कोड कंपाइलच होत नाही. आधी ते व्हेरिएबलमध्ये घ्यावं लागतं. मी ते व्हेरिएबल १०० बाइटांचं ठेवलं. आमचे स्वतःचे संदेश मराठीत होते आणि यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं एकेक चिन्ह ३ बाइट घेतं. संदेश मावेना, चूक पकडणाऱ्या हँडलरमध्येच ओआरए-०६५०२ उद्भवली आणि मूळ चूक तिच्यामागे झाकली गेली. खुद्द एसक्यूएलएररएमही ५१२ बाइटांच्या पुढचा मजकूर कापतं. म्हणून डीबीएमएस_युटिलिटीमधलं फॉरमॅट_एरर_स्टॅक वापरा, आणि व्हेरिएबल ऐसपैस ठेवा.

त्यानंतर नोंदीच गायब होऊ लागल्या. लॉगच्या टेबलात ओळ पडायची, पण बाहेरच्या प्रोग्रॅमने रोलबॅक केलं की तीही जायची. ज्या रात्री नोंद सर्वात जास्त हवी, नेमकी त्याच रात्री ती नसायची. नोंद घालणारी प्रोसीजर वेगळी केली, तिला प्रॅग्मा ऑटोनॉमस_ट्रान्झॅक्शन लावलं आणि तिचं कमिट तिच्यापुरतं ठेवलं, तेव्हा हे थांबलं.

एवढं करूनही संदेश पुरत नाही. ओआरए-१२८९९ निदान रकान्याचं नाव आणि लांबी सांगते. मला आलेली ओआरए-०१४३८ फक्त 'रक्कम मावत नाही' एवढंच म्हणत होती. कुठल्या रकान्यात, कुठल्या ओळीवर, काही नाही. ओळ क्रमांकासाठी १०जी पासून फॉरमॅट_एरर_बॅकट्रेस आहे. ते हँडलरमध्ये शिरल्याशिरल्या घ्या. चूक एकदा पुन्हा रेझ केली की पुढच्या हँडलरला त्या रेझच्या ओळीपासूनचाच माग मिळतो. आणि खातेक्रमांक व रक्कम तुम्हालाच नोंदवावी लागते. ती डेटाबेस सांगणार नाही, आणि पासबुक घेऊन आलेल्या माणसाला उत्तर द्यायला लागते ती हीच माहिती.

नोंद झाली की रेझ करा. लूप चालू ठेवणं खरोखर भाग असेल तर चुकलेल्या खात्यांची संख्या मोजा आणि शेवटच्या संदेशात ती येऊ द्या. कंपाइलरच्या इशाऱ्यांची सोय चालू केली, तर ११जी पासून रेझ नसलेल्या 'अदर्स'वर पीएलडब्ल्यू-०६००९ हा इशारा मिळतो. तो दुर्लक्षू नका.

आता कुणाचा कोड तपासायला आला की मी चाचणीच्या डेटाबेसात एक रकाना मुद्दाम अरुंद करते, काम चालवते आणि मूळ कोड न उघडता लॉग वाचते. खातं, रक्कम आणि ओळ तिथे सापडली नाही, तर कोड परत जातो.