शब्दांची गंमत : ‘बंगल’ म्हणजे घोटाळा नव्हे!

जीआरईच्या शब्दयादीत ‘बंगल’ भेटला की बरेच जण वहीत ‘घोटाळा’ लिहून पान उलटतात. गडबड तिथेच होते.

आधी उच्चार. ‘जंगल’शी यमक जुळतं, शेवटचा ‘ल’ पाय मोडलेला. बंगल्याशी मात्र नातं नाही. ‘बंगलो’ हा शब्द तर भारतीय भाषांतूनच इंग्रजीत गेला.

अर्थ : हाती घेतलेलं काम धांदरटपणाने किंवा नीट न जमल्यामुळे बिघडवणे. आपल्याकडे याला ‘विचका करणे’ म्हणतात. ‘ही बंगल्ड द जॉब’ म्हणजे त्याने कामाचा विचका केला. करणारा तो ‘बंगलर’. विचका होतो तो कामाचा. कप हातातून पडला तर तो ‘बंगल’ नाही.

आता दोन चुलतभाऊ. ‘फम्बल’ म्हणजे क्षणभर हात अडखळणे, चाचपडणे. फील्डरच्या हातातून बॉल निसटतो, तो ‘फम्बल’. व्हायवात एका उत्तराला चाचरलात तर ‘फम्बल’. अख्खी व्हायवा घालवलीत तर ‘बंगल’! ‘बॉच’चा मूळ अर्थ डागडुजी करणे, पुढे तो ‘वाईट डागडुजी’ असा झाला. म्हणून थातुरमातुर उरकलेलं काम ‘बॉच्ड’.

इंजिनीअरला लक्षात राहील असं उदाहरण म्हणजे नासाचं ‘मार्स क्लायमेट ऑर्बिटर’. एका सॉफ्टवेअरने आकडे पौंड-सेकंदात दिले, पुढच्यांनी ते न्यूटन-सेकंद समजून वापरले. फरक 4.45 पटींचा! यान मंगळाच्या फार जवळ गेलं आणि 23 सप्टेंबर 1999 रोजी हरवलं. कुणाचा हेतू वाईट नव्हता, पण एककं कुणी वेळेत ताडून पाहिली नाहीत. हा खरा ‘बंगल’.

हेतूचा मुद्दा महत्त्वाचा. आपल्याकडच्या इंग्रजी पेपरांत ‘बंगलिंग ऑफ फंड्स’ असं सर्रास छापून येतं, तिथे अर्थ असतो अफरातफर. बाहेरच्या माणसाला मात्र त्यात फक्त ढिसाळपणा दिसेल. समजा, मेसच्या हिशोबाची बेरीज चुकली आणि तुम्ही रेक्टरना अर्ज लिहिलात की सेक्रेटरीने पैसे ‘बंगल’ केले. वाचणारा त्याला चोर समजेल! तिथे सरळ ‘मिस्टेक इन अकाउंट्स’ लिहा. आणि खरंच पैसे खाल्ले असतील, पुरावाही असेल, तर ‘मिसॲप्रोप्रिएशन’ लिहा.

चूक आणि चोरी यांना एकच शब्द लावू नका. एखाद्याचं नाव त्यावर अवलंबून असतं.