ताठ मानेचे लोक : एका शब्दाचा अभ्यास



मराठी माणसाला ताठ मान आवडते. ‘शेवटपर्यंत ताठ मानेने जगला’ असे आपण मयताच्या घरी कौतुकाने बोलतो. पवित्र शास्त्रात मात्र हाच शब्द दूषण म्हणून येतो. सोन्याच्या वासराची पूजा झाल्यावर हे लोक ताठ मानेचे आहेत, असे परमेश्वर मोशेला सांगतो (निर्गम ३२:९). मिस्सामध्ये हे वाचन ऐकताना गोंधळ होतो, म्हणून आज या शब्दाकडे थोडे बारकाईने पाहू.

मूळ हिब्रू शब्द आहे ‘कशे ओरेफ’. ‘कशे’ म्हणजे कठीण आणि ‘ओरेफ’ म्हणजे मानेची मागची बाजू. स्वाभिमानाने वर उचललेले डोके येथे अभिप्रेतच नाही. धनी वळवील तिकडे न वळणारा, मानेवर जू ठेवू न देणारा बैल डोळ्यांपुढे आणावा. (ज्यांच्या घरी आजोबांच्या काळी बैल होते त्यांना अधिक सांगायला नको.) यिर्मया २:२७ मध्ये देवाची तक्रार आहे की, लोकांनी आपल्याकडे तोंड नव्हे तर हीच ‘ओरेफ’ फिरवली. तेव्हा ज्याची मते पक्की तो ताठ मानेचा नव्हे; हाक मारली तरी जो वळून पाहत नाही, तो ताठ मानेचा. संत स्टीफन धर्मसभेपुढे हाच शब्द उच्चारतात (प्रेषितांची कृत्ये ७:५१), आणि थोड्याच वेळात ऐकणारे आपले कान झाकून घेतात!

याउलट झावळ्यांच्या रविवारी आपण यशयाच्या ५० व्या अध्यायातील सेवकाविषयी ऐकतो. तो आपले तोंड गारगोटीसारखे कठीण करतो. पण त्याआधी रोज सकाळी देव त्याचा कान उघडतो. चेहरा कठीण, कान उघडा. येरुशलेमकडे निघालेल्या प्रभू येशूचा निर्धारही याच जातीचा (लूक ९:५१).

धर्मग्रामात घरभेटी घेताना ‘फादर, हा तत्त्वाचा प्रश्न आहे’ हे वाक्य आम्हांला वारंवार ऐकू येते. पुष्कळदा तो हातभर बांधाचा प्रश्न असतो. अशा वेळी आम्ही एवढेच विचारतो, ‘तुमच्या भावाचे म्हणणे नेमके काय आहे?’ उत्तर येत नाही. दहा-दहा वर्षे ते ऐकलेलेच नसते. खरोखर तत्त्वासाठी उभ्या राहिलेल्या माणसाला समोरच्याचे म्हणणे तोंडपाठ असते.

एक गोष्ट मात्र विसरू नये. लोक ताठ मानेचे आहेत म्हणून मी त्यांच्याबरोबर चालणार नाही, असे देव म्हणतो (निर्गम ३३:३). पुढच्याच अध्यायात मोशे तेच कारण पुढे करून उलट मागणे मागतो : लोक ताठ मानेचे आहेत, म्हणूनच तू आमच्यामध्ये चाल (३४:९). हे वाचन अ वर्षी पवित्र त्रैक्याच्या रविवारी येते. वासरू घडले तेव्हा मोशे डोंगरावर होता. तरीही क्षमा मागताना तो ‘त्यांचे पाप’ म्हणत नाही, ‘आमचे पाप’ म्हणतो.