सल्लामसलत : निर्णयाआधी की निर्णयानंतर?



नागरिकशास्त्रात आपण 'दबाव गट' हा घटक शिकवतो. मुलं व्याख्या पाठ करतात, दोन उदाहरणं लिहितात आणि पुढच्या धड्याकडे वळतात. पण सरकार आणि उद्योग यांचं एखाद्या धोरणावर बिनसलं, तर प्रत्यक्षात काय घडतं? हे समजावून सांगायला ऑस्ट्रेलियातल्या खाणकराची गोष्ट फार उपयोगी पडते.

शिखर संघटना म्हणजे काय?

सरकार प्रत्येक कारखानदाराशी वेगवेगळं बोलू शकत नाही. म्हणून एका क्षेत्रातले उद्योग एकत्र येऊन संघटना स्थापन करतात आणि ती सर्वांच्या वतीने बोलते. हीच शिखर संघटना. आपल्याकडे फिक्की, सीआयआय ही नावं आपण अर्थसंकल्पाच्या दिवसांत ऐकतो. ऑस्ट्रेलियात मोठ्या खाण कंपन्यांची अशी संघटना आहे मिनरल्स कौन्सिल ऑफ ऑस्ट्रेलिया.

काय घडलं?

२ मे २०१० रोजी पंतप्रधान केविन रड यांच्या सरकारने खाण कंपन्यांच्या 'जादा नफ्यावर' ४० टक्के कर जाहीर केला. तो १ जुलै २०१२ पासून लागू व्हायचा होता. विचार सोपा होता : जमिनीखालचं खनिज जनतेचं आहे, भाव वाढले की जनतेलाही वाटा मिळावा.

मग वाद कशावर? मुख्य मुद्दे दोन. नफा 'जादा' कधी म्हणायचा, त्याची रेषा सरकारने फार खाली आखली, असं कंपन्यांचं म्हणणं. दुसरं म्हणजे आधीपासून चालू असलेल्या खाणींनाही हा कर लागणार होता. हे मुद्दे समोरासमोर बसून बोलण्यासारखे होते. पण दर आणि मूळ रचना ठरवूनच जाहीर झाली होती, चर्चा उरली ती तपशिलाची. आपल्या भाषेत सांगायचं तर वरातीमागून घोडं!

मग भांडण बैठकीतून टीव्हीवर गेलं. खाण उद्योगाने जाहिरातींवर सुमारे २.२ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर खर्च केले. सरकारनेही स्वतःच्या जाहिराती काढल्या. २४ जूनला रड यांचं पंतप्रधानपद गेलं. खाणकर हे त्याचं एकमेव कारण नव्हतं, पण एक मोठं कारण नक्कीच होतं.

पुढे तडजोड झाली, पण कोणाशी?

नव्या पंतप्रधान ज्युलिया गिलार्ड यांनी दोन्हीकडच्या जाहिराती थांबवायला पुढाकार घेतला आणि २ जुलैला समझोता जाहीर केला. कर ३० टक्क्यांवर आला, तोही फक्त लोहखनिज आणि कोळशावर. मात्र हा समझोता झाला तीनच बलाढ्य कंपन्यांशी : बीएचपी बिलिटन, रिओ टिंटो आणि एक्सट्राटा. लहान खाणवाले नाराज झाले. आमचं कोणी ऐकलंच नाही, ही त्यांची तक्रार.

परिणाम बघा. २०१२-१३ या पहिल्या वर्षासाठी सरकारचा सुधारित अंदाज २०० कोटी डॉलरचा होता. पहिल्या सहा महिन्यांत जमा झाले फक्त १२.६ कोटी! खनिजांचे भाव उतरले हे खरं, पण समझोत्यात दिलेल्या सवलतीही मोठ्या होत्या. शेवटी सप्टेंबर २०१४ मध्ये संसदेने हा करच रद्द केला.

यातून मुलांना काय सांगायचं?

एक, निर्णय घेऊन झाल्यावर मत विचारणं म्हणजे सल्लामसलत नव्हे. तिकिटं काढून झाल्यावर "सुट्टीत कुठे जाऊ या?" असं विचारलं तर घरातली मुलंसुद्धा हसतात.

दोन, संघटनेचं ऐकणं वेगळं आणि तिच्यापुढे झुकणं वेगळं. ऐकावं सगळ्यांचं, ठरवावं जनहित पाहून.

तीन, ज्यांची संघटना नाही त्यांचं काय? खाणीजवळचं गाव, तिथला मजूर, सामान्य करदाता यांना टीव्हीवर जाहिरात परवडत नाही. म्हणून मसुदा सर्वांसाठी खुला ठेवण्याचे नियम महत्त्वाचे. भारतात केंद्र सरकारच्या २०१४ च्या धोरणानुसार कायद्याचा मसुदा किमान ३० दिवस लोकांसमोर ठेवणं अपेक्षित आहे. किती पालकांना हे माहीत असतं?

वर्गात असं घ्या

वर्गाचे चार गट करा : सरकार, मोठ्या कंपन्या, लहान खाणवाले, गावकरी. पहिल्या फेरीत फक्त पहिले दोन गट बोलतील, बाकीचे नुसतं ऐकतील. दुसऱ्या फेरीत चौघंही बोलतील. दोन्ही वेळचा निर्णय फळ्यावर शेजारी शेजारी लिहा आणि विचारा, "काय बदललं?"

उत्तर मुलंच देतील. व्याख्या मग पाठ करावी लागणार नाही.