कारवानी कुत्र्याची जोपासना : आहार, व्यायाम व निगा

सातारा व सांगली या जिल्ह्यांच्या पूर्वेकडील माण, खटाव, आटपाडी, खानापूर, कवठेमहांकाळ व जत या कमी पावसाच्या तालुक्यांत मेंढपाळाच्या वाड्यावर किंवा शेतकऱ्याच्या वस्तीवर उंच, सडपातळ, निमुळत्या तोंडाचा एक कुत्रा पुष्कळदा दृष्टीस पडतो. त्यास कारवानी असे म्हणतात. सरहद्दीपलीकडे कर्नाटकात तो मुधोळ या नावाने ओळखला जातो. मुधोळ संस्थानचे अधिपती मालोजीराव घोरपडे यांनी या कुत्र्याची विशेष जोपासना केली व एक जोडी इंग्लंडचे राजे पंचम जॉर्ज यांना भेट दिली, हे सर्वश्रुत आहे. भारतीय टपाल खात्याने 9 जानेवारी 2005 रोजी देशी कुत्र्यांवर जी तिकिटे काढली, त्यांत मुधोळचाही समावेश होता. कर्नाल येथील राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोकडे या जातीची नोंद झालेली आहे.

असा नावलौकिक असूनही या कुत्र्याच्या खाण्यापिण्याकडे घरोघर फारसे लक्ष दिले जात नाही. उरलेली शिळी भाकरी, धुतलेल्या भांड्यांचे पाणी आणि वाड्यात मेंढरू मेले की त्याची मुंडी व आतडी, एवढ्यावर त्याचे पोषण चालते. यांपैकी शेवटची गोष्ट केवळ कुत्र्यापुरती राहत नाही. तिचा परिणाम कळपावर आणि घरातील मुलांवर होतो. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी ही बाब प्रथम समजून घ्यावी व मगच ती पशुपालकास समजावून द्यावी.

कुत्र्याच्या खाण्यातून कळपाला होणारा रोग

मेंढी एका बाजूस मान कलती धरून गोल गोल फिरू लागते, कळपातून मागे राहते, दगडधोंड्यास अडखळते, एका डोळ्याने आंधळी होते व काही दिवसांनी मरते, हा प्रकार मेंढपाळांच्या परिचयाचा आहे. पुष्कळ ठिकाणी तो नजर लागल्याचा अगर बाहेरच्या बाधेचा परिणाम समजला जातो. वास्तविक अशा मेंढीची कवटी फोडून पाहिल्यास मेंदूत पाण्याने भरलेली फुगडी अनेकदा आढळते. ही फुगडी म्हणजे एका पट्टकृमीची बाल्यावस्था होय. त्या कृमीची प्रौढ अवस्था कुत्र्याच्या आतड्यात असते.

कुत्र्याने अशा मेंढीची कच्ची मुंडी खाल्ली की फुगडीतील असंख्य सूक्ष्म मुंडकी त्याच्या आतड्यास चिकटतात व सुमारे सहा आठवड्यांत लांब, फितीसारखे जंत तयार होतात. त्यांचे तुकडे विष्ठेवाटे पडतात, त्यांतील अंडी गवतावर पसरतात आणि तेच गवत कळप खातो. अशा रीतीने मेलेल्या एका मेंढीची मुंडी पुढील हंगामात आणखी मेंढ्यांचा बळी घेते. माडग्याळी मेंढीसारखे मोलाचे जनावर ज्याच्या दावणीला आहे, त्याने हा व्यवहार नीट पारखून पाहावा. कुत्र्याचे एक वेळचे खाणे वाचते आणि मेंढी जाते.

दुसऱ्या एका पट्टकृमीची गोष्ट याहून गंभीर आहे. मेंढीच्या काळजात व फुफ्फुसांत लिंबाएवढ्या किंवा त्याहून मोठ्या पाण्याच्या पुटळ्या आढळतात. खाटीक असे काळीज बाजूस काढून फेकतो व कुत्रा ते उचलतो. त्याच्या पोटात होणारे जंत अवघ्या काही मिलिमीटर लांबीचे असल्याने विष्ठेत दिसत नाहीत. कुत्रा धष्टपुष्ट व निरोगी भासतो. परंतु त्याच्या अंगावर व मिशांवर चिकटलेली अंडी त्यास कुरवाळणाऱ्या मुलाच्या हातावाटे तोंडात गेली की मुलाच्या यकृतात अगर फुफ्फुसात तशीच पुटळी वाढू लागते. ती वर्षानुवर्षे हळूहळू वाढते. मूल मोठे झाल्यावर, पोटात गाठ लागते म्हणून दवाखान्यात गेल्यानंतर शस्त्रक्रियेची पाळी येते. त्या वेळी वाड्यावरच्या कुत्र्याची आठवण कोणालाही राहत नाही.

उपाय साधा आहे, पण तो नियमाने करावा लागतो. मुंडी, काळीज, फुफ्फुसे व आतडी कुत्र्यास कच्ची कधीही घालू नयेत. घालावयाचीच असल्यास लहान तुकडे करून किमान पाऊण तास उकळावीत. पुटळ्या असलेले अवयव शिजविण्याच्याही भानगडीत न पडता जाळावेत. मेलेले जनावर कुत्र्यास उकरता येणार नाही इतक्या खोल खड्ड्यात पुरावे व वर दगड रचावेत. कुत्र्यास प्राझिक्वांटेल हे औषध पशुवैद्यकाच्या सल्ल्याने, दर किलो वजनास 5 मिलिग्रॅम या प्रमाणात द्यावे. कळपाबरोबर हिंडणाऱ्या कुत्र्यास ते दर सहा आठवड्यांनी देणे इष्ट होय. जंत अंडी घालू लागण्यापूर्वीच मरावेत हा यातील हेतू आहे. घरीच बांधून ठेवलेल्या कुत्र्यास तीन महिन्यांतून एकदा दिले तरी पुरते. औषध दिल्यानंतर दोन-तीन दिवस कुत्रा बांधून ठेवावा व त्याची विष्ठा गोळा करून जाळावी किंवा पुरावी. ती उकिरड्यावर टाकू नये. मुलांनी जेवणापूर्वी हात साबणाने धुवावेत, हे निराळे सांगावयास नकोच.

रोजचा आहार

कारवानी कुत्रा स्वभावतः सडपातळ असतो. त्याच्या शेवटच्या दोन-तीन फासळ्या दिसणे हे उपासमारीचे लक्षण नव्हे. शहरातील पाहुणे येतात, कुत्रा वाळला म्हणून हळहळतात आणि मालक त्यास तूपभात चारू लागतो. यात कुत्र्याचे अकल्याण आहे. मात्र पाठीच्या कण्याचे मणके व पुठ्ठ्याची हाडे टोकदार होऊन वर आली असतील, केस राठ झाले असतील, तर तो कुत्रा खरोखरीच भुकेला किंवा जंताने पोखरलेला आहे असे समजावे.

सुमारे 25 किलो वजनाच्या, रोज हिंडणाऱ्या प्रौढ कुत्र्यास दिवसाकाठी बाजरी अगर ज्वारीच्या 200 ग्रॅम पिठाच्या भाकरी, 200 ते 250 ग्रॅम शिजविलेले बिनहाडाचे मांस व दोन चहाचे चमचे तेल एवढा आहार साधारणतः पुरतो. ज्या घरी मांस शिजत नाही तेथे मांसाऐवजी तीन उकडलेली अंडी, 75 ग्रॅम डाळीचे मऊ शिजविलेले वरण व अर्धा लिटर ताक द्यावे. भाकरी कोरडी न टाकता ताकात किंवा वरणात कुस्करावी. मीठ नाममात्र असावे, तिखट मुळीच नसावे. हा आहार दोन वेळांत विभागून द्यावा. थंडीत आणि कळपाबरोबर लांबच्या वाटचालीत तो चौथाईने वाढवावा. नुसत्या भाकरीवर ठेवलेल्या कुत्र्याचे पोट भरते, पण स्नायू भरत नाहीत. घरगुती आहारात चुनखडीचा अंश, म्हणजे कॅल्शियम, नेहमी कमी पडते. वाढत्या पिलाचे पाय वाकडे होण्याचे हे एक प्रमुख कारण असल्याने कॅल्शियमची पूड किती द्यावी हे पशुवैद्यकास विचारून ठरवावे. मनाने भरमसाट देणेही घातक आहे.

पिलू चार आठवड्यांचे झाले की आईच्या दुधाबरोबर पातळ पेज, दूध व कुस्करलेले अंडे चाटावयास द्यावे. आठ आठवड्यांपूर्वी त्यास आईपासून तोडू नये. तीन महिन्यांपर्यंत दिवसातून चार वेळा, सहा महिन्यांपर्यंत तीन वेळा व पुढे दोन वेळा खाणे द्यावे.

शिजविलेली हाडे, विशेषतः कोंबडीची, फुटून त्यांच्या टोकदार सळ्या होतात व आतडे फाडतात. कांदा व लसूण यांनी कुत्र्याच्या रक्तातील तांबड्या पेशी नाश पावतात, म्हणून मटणाचा रस्सा त्यास वर्ज्य समजावा. तासगाव, मिरज व कवठेमहांकाळ भागातील बागायतदारांनी तर आणखी एक गोष्ट ध्यानी धरावी. द्राक्षे व बेदाणे कुत्र्यास विषारी आहेत. काही कुत्री ती खाऊन सुखरूप राहतात, तर काहींची मूत्रपिंडे थोड्याशा बेदाण्यानेही निकामी होतात. कोणते कुत्रे कसे निघेल हे आधी सांगता येत नाही. बेदाण्याच्या शेडवर राखणीस ठेवलेला कुत्रा खाली सांडलेला माल खाणार नाही अशा बेताने बांधावा. त्याने माल खाल्ल्याचे कळताच, ओकारी सुरू होण्याची वाट न पाहता, त्यास दवाखान्यात न्यावे.

व्यायाम

हा कुत्रा धावण्यासाठीच जन्मास आलेला आहे. दिवसभर आखूड साखळीने बांधलेला कारवानी चिडखोर बनतो, भिंती उकरतो व येणाऱ्याजाणाऱ्यावर धावतो. मग मालक त्यास खोडकर ठरवितो. प्रौढ कुत्र्यास रोज पाच-सहा किलोमीटर चालणे व आठवड्यातून दोन-तीन वेळा कुंपण असलेल्या मोकळ्या रानात मनसोक्त धाव एवढे मिळावयास हवे. वर्षाच्या आतील पिलास आपल्या मर्जीने बागडू द्यावे. त्याची हाडे अद्याप कोवळी असतात. मोटारसायकलला दोरीने बांधून कुत्रा पळविण्याची जी रीत यात्रेतील शर्यतींच्या तयारीच्या निमित्ताने रूढ झाली आहे, तिला व्यायाम म्हणता येणार नाही. तो छळ होय.

जेवणानंतर दोन तास व जेवणापूर्वी एक तास धाव देऊ नये. खोल छातीच्या कुत्र्यात भरलेले पोट पिळवटून काही तासांत मृत्यू येऊ शकतो. पोट ढोलासारखे फुगणे व ओकारीचे नुसते उमाळे येणे ही त्याची खूण असून अशा वेळी घरगुती औषधांत वेळ दवडू नये.

माणदेशातील उन्हाळ्यात धाव पहाटेच द्यावी. जीभ गडद तांबडी होऊन बाहेर लोंबणे, तोंडातून घट्ट लाळ गळणे, झोकांड्या जाणे अशी लक्षणे दिसताच कुत्र्यास सावलीत आणून अंगावर साधे गार पाणी सतत ओतावे, वारा घालावा व त्वरित दवाखान्यात न्यावे.

धावेच्या आड येणारी सर्वांत मोठी धोक्याची जागा म्हणजे बिनकठड्याची विहीर व प्लास्टिक अंथरलेले शेततळे. वेगात धावणाऱ्या कुत्र्यास कडा दिसेपर्यंत उशीर झालेला असतो, आणि शेततळ्याच्या निसरड्या कागदावरून पट्टीचा पोहणारा प्राणीही वर येऊ शकत नाही. तळ्यास तारेचे कुंपण घालावे व आत चारी बाजूंनी गाठी मारलेले जाड दोर किंवा जुन्या टायरांची माळ सोडावी. तिचा उपयोग माणसासही होतो.

ससा, चिंकारा अशा प्राण्यांवर कुत्रा सोडणे हा वन्यजीव (संरक्षण) अधिनियम 1972 अन्वये गुन्हा आहे. पूर्वी शिकार चालत असे, ही सबब आज चालत नाही. उलटपक्षी शिराळा, पाटण व कऱ्हाड भागातील उसात बिबट्याचा वावर असल्याने तेथे कुत्राच शिकार होतो. त्यास रात्री गोठ्यात कोंडावे. राखणीस बाहेर ठेवावयाचे असल्यास गळ्यात लोखंडी काट्यांचा पट्टा घालण्याची मेंढपाळांची जुनी रीत अनुकरणीय आहे.

निगा

सामोयेड नावाचा शुभ्र, केसाळ कुत्रा उत्तर सैबेरियातील रेनडिअर पाळणाऱ्या भटक्या लोकांचा. म्हणजे तोही एका परीने धनगराच्याच घरचा. परंतु त्याच्या अंगावर केसांचे दोन थर असतात, आतला लोकरीसारखा व बाहेरचा राठ, आणि ते रोजच्या रोज विंचरावे लागतात. सांगलीच्या उन्हाळ्यात तो पाळणाऱ्यास त्याच्या गारव्याची सोय आधी करावी लागते. कारवानीच्या बाबतीत ही यातायात नाही. आठवड्यातून दोनदा जुन्या घोंगडीच्या तुकड्याने केसांच्या दिशेने अंग चोळले, महिन्याकाठी एकदा कोमट पाण्याने आंघोळ घातली, नखे वाढल्यास कापली व कान पुसून पाहिले म्हणजे पुरे. कपडे धुण्याची पूड अंगास लावू नये.

त्याची त्वचा मात्र अतिशय पातळ असते. काटेरी तारेने ती कागदासारखी फाटते. कातडीखाली चरबी नसल्याने कोपरांना घट्टे पडतात व थंडीत तो कुडकुडतो. कडबा किंवा भुसकट भरलेले पोते त्यास अंथरूण म्हणून द्यावे व हिवाळ्यात पाठीवर घोंगडी बांधावी. शस्त्रक्रियेच्या प्रसंगी कुत्रा या जातीचा असल्याचे पशुवैद्यकास आवर्जून सांगावे, कारण या बांध्याच्या कुत्र्यांना भुलीची काही औषधे जड जातात.

गोचिडांसाठी द्राक्षबागेतील अगर कपाशीवरील फवारणीचे औषध कुत्र्याच्या अंगावर चोळण्याचा अघोरी प्रकार अनेक ठिकाणी चालतो. ते औषध कातडीवाटे व चाटल्याने पोटात जाऊन कुत्रा झटके येऊन मरतो. ताज्या फवारणीच्या बागेतही त्यास औषध वाळेपर्यंत सोडू नये. गोचिडांकरिता कुत्र्यांसाठीच तयार केलेली औषधे मिळतात. तीच वापरावीत व गोठ्याच्या भिंतींतील फटी लिंपून घ्याव्यात. गोचीड लागलेला कुत्रा सुस्त झाला, खाईनासा झाला, हिरड्या पांढऱ्या पडल्या किंवा लघवी लालसर झाली तर गोचीडतापाचा संशय घेऊन रक्ततपासणी करावी.

पिसाळी रोगाची पहिली लस तिसऱ्या महिन्यात, दुसरी त्यानंतर एक महिन्याने व पुढे दरवर्षी टोचून घ्यावी. नोंदीचे पत्रक मालकाने जपून ठेवावे. दिवाळीनंतर कोकणात उतरणाऱ्या मेंढपाळांनी लस व जंताचे औषध निघण्यापूर्वीच द्यावे, कारण पुढे वाटेत सवड होत नाही. खंडाळा तालुक्यातील शिरवळ येथे क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. गावच्या दवाखान्यात उलगडा न झालेल्या दुखण्यासाठी तेथे जाता येते. जाताना लसीच्या नोंदीचे पत्रक व काही दिवसांच्या खाण्याची माहिती बरोबर न्यावी.