उंचीची पट्टी आणि उत्साहाचे माप

प्रास्ताविक

मुक्त विद्यालयातून शिकणाऱ्यांपैकी अनेक जण घरसंसार सांभाळून अभ्यास करतात. कोणी आई असते, कोणी काका, कोणी धाकट्या भावंडाला सांभाळणारी मोठी बहीण. शाळेत अजून न जाणारे किंवा नुकतेच अंगणवाडीत, बालवाडीत जाऊ लागलेले मूल घेऊन एक दिवस बाहेर काढण्याचा प्रसंग यांपैकी प्रत्येकावर येतो. तीन ते सहा वर्षांचे मूल घरात फार काळ स्थिर बसत नाही. उद्यानात गेल्यावर त्याच्या पायांना पंख फुटतात. अशा मुलाबरोबर थीम पार्कला, म्हणजे एका कल्पनेभोवती रचलेल्या करमणूक उद्यानाला, जाताना काय ध्यानात घ्यावे लागते, हे या पाठात आपण दिल्लीतील एका उदाहरणाच्या आधारे पाहणार आहोत. पाठ वाचल्यावर अशा उद्यानांची थोडी पूर्वपीठिका, तेथील नियमांमागची कारणे आणि गर्दीत मुलाच्या सुरक्षिततेसाठी करायची तयारी तुम्हांला आपल्या शब्दांत सांगता यावी, अशी अपेक्षा आहे.

मूळ पाठ

दक्षिण दिल्लीत आयएनए बाजार आणि सरोजिनी नगर यांच्या शेजारी लक्ष्मीबाई नगर ही केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांची वसाहत आहे. झाशीच्या राणीचे नाव लाभलेल्या या वसाहतीत देशाच्या सर्व भागांतून बदलीवर आलेली कुटुंबे राहत आली. त्यांत मराठी कुटुंबेही आहेत. अशा एखाद्या घराची कल्पना करा. आजोबा निवृत्त, आईवडील नोकरीला आणि घरात चार वर्षांची नात. ती आजीशी मराठीत बोलते, अंगणात खेळताना हिंदीत आणि झोपाळ्यावरून उतरायची वेळ आली की दोन्ही भाषांत एकदम. “आजोबा, और एक बार! एकदाच!” दिल्लीतील मराठी घरांना ही भाषा ओळखीची वाटेल.

या आजोबांच्या आठवणीत एक नाव हमखास असते. ते म्हणजे अप्पू घर. १९८२ साली दिल्लीत आशियाई क्रीडास्पर्धा भरल्या. हत्तीचे पिल्लू ‘अप्पू’ हे त्यांचे बोधचिन्ह होते. त्याच्या नावाने १९ नोव्हेंबर १९८४ रोजी प्रगती मैदानाच्या परिसरात हे उद्यान सुरू झाले. (राणी लक्ष्मीबाईंची जयंतीही १९ नोव्हेंबरलाच साजरी होते, हा निव्वळ योगायोग.) भारतातील पहिले करमणूक उद्यान म्हणून त्याचा उल्लेख होतो. दिल्लीच्या दोन पिढ्या तेथील पाळण्यांत बसल्या. पुढे ती जागा सर्वोच्च न्यायालयाच्या विस्तारासाठी आणि मेट्रोसाठी घेण्यात आली आणि २००८ साली अप्पू घर बंद झाले. महाराष्ट्रात गोराईचे एस्सेल वर्ल्ड १९८९ साली आणि खोपोलीजवळचे इमॅजिका २०१३ साली सुरू झाले.

करमणूक उद्यान आणि थीम पार्क यांत थोडा फरक आहे. पहिल्यात पाळणे, घसरगुंड्या, चक्रे असतात. दुसऱ्यात ती असोत वा नसोत, सारी मांडणी एखाद्या कल्पनेला धरून केलेली असते. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यातील अनाहाइम येथे १७ जुलै १९५५ रोजी डिस्नेलँड उघडले, तेव्हापासून या प्रकाराला जगभर प्रसिद्धी मिळाली. त्याचे जनक वॉल्ट डिस्ने एक आठवण सांगत असत. आपल्या मुली चक्रावरच्या घोड्यांवर बसल्या असताना ते स्वतः बाकावर शेंगदाणे खात बसलेले असत. मोठ्यांनी नुसते बाकावर बसायचे आणि मुलांनी खेळायचे, असे का? दोघांनी मिळून रमावे अशी जागा का नसावी? या प्रश्नातून ती कल्पना निघाली, असे ते म्हणत. आजही थीम पार्कमध्ये गेलेल्या पालकांपैकी निम्मे बाकावर आणि उरलेले भ्रमणध्वनीत दिसतात, हा भाग वेगळा.

लक्ष्मीबाई नगरातून जाता येण्यासारखे असे उद्यान सराय काले खान येथे आहे. त्याचे नाव ‘वेस्ट टू वंडर’, अर्थात टाकाऊतून नवल. तत्कालीन दक्षिण दिल्ली महानगरपालिकेने ते फेब्रुवारी २०१९ मध्ये खुले केले. ताजमहाल, पॅरिसचा आयफेल मनोरा, पिसाचा कलता मनोरा, रोमचे कलोसियम, गिझाचा पिरॅमिड, न्यूयॉर्कची स्वातंत्र्यदेवता आणि रिओ द जानेरोची ख्रिस्तमूर्ती अशा सात वास्तू-शिल्पांच्या प्रतिकृती तेथे भंगारातून उभ्या केल्या आहेत. सायकलींचे आणि मोटारींचे सुटे भाग, नळ, विजेचे खांब, मोडके बाक, झोपाळे असे सुमारे १५० टन साहित्य त्यासाठी वापरले गेले. नंतर २०२४ साली भंगारातूनच घडवलेल्या डायनासोरांचे दालन त्याला जोडले गेले.

जाण्याचा मार्ग सोपा आहे. दिल्ली हाट-आयएनए स्थानकावर मेट्रोच्या गुलाबी मार्गिकेची गाडी पकडायची. साउथ एक्स्टेंशन, लाजपत नगर, विनोबापुरी, आश्रम अशी स्थानके मागे टाकत पाचव्या स्थानकावर, सराय काले खान-निजामुद्दीन येथे, उतरायचे. चार वर्षांच्या मुलीच्या दृष्टीने सहल येथूनच सुरू होते. सरकता जिना, आपोआप उघडणारे दार, बोगद्यातला अंधार हे सर्व तिला प्रतिकृतींइतकेच नवलाचे असते. उद्यानाच्या दारात पोहोचेपर्यंत तिचा अर्धा उत्साह खर्च झालेला असू शकतो, ही गोष्ट मोठ्यांच्या हिशेबात सहसा नसते.

मेट्रोत आणखी एक गोष्ट घडते. प्रौढांबरोबर असलेल्या, ९० सेंटिमीटरपर्यंत म्हणजे सुमारे तीन फूट उंचीच्या मुलाला दिल्ली मेट्रोत तिकीट लागत नाही. आपली रेल्वे मात्र वय पाहते. पाच वर्षांखालच्या मुलाला स्वतंत्र जागा न घेता विनामूल्य प्रवास करता येतो. करमणूक उद्याने मेट्रोच्या बाजूची आहेत. वेगवान झोक्यांपाशी उंचीची पट्टी रंगवलेली असते आणि त्या रेषेखालच्या मुलाला आत सोडत नाहीत. पुष्कळ पालक तेथे वाद घालतात. “अहो, तिला मुळीच भीती वाटत नाही,” असे सांगतात. पण हा नियम भीतीसाठी नाही. आसनावरचा दांडा, पट्टा आणि पाय टेकायची जागा ठरावीक आकाराच्या शरीरासाठी बनवलेली असते. लहान शरीर झटक्यासरशी दांड्याखालून सरकू शकते. मूल जितके धीट, तितका हा धोका अधिक, कारण धीट मूल दांडा सोडून हात वर करते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मानकांप्रमाणे चार वर्षांच्या मुलाची मध्यम उंची सुमारे १०३ सेंटिमीटर आणि सात वर्षांच्या मुलाची सुमारे १२० सेंटिमीटर असते. मोठ्या झोक्यांची रेषा पुष्कळदा १२० सेंटिमीटरच्या आसपास असते. म्हणजे चार वर्षांच्या बहुतेक मुलांना हे झोके मिळणारच नाहीत. ही गोष्ट रांगेत अर्धा तास उभे राहिल्यावर कळण्यापेक्षा घरीच कळलेली बरी. दाराच्या चौकटीवर खूण करून मुलाला आधीच सांगावे, की या रेषेपर्यंत पोहोचलीस की तो झोका तुझा. नकार कोरडा राहत नाही. त्याला एक तारीख मिळते.

पाठगत प्रश्न: मेट्रो, रेल्वे आणि करमणूक उद्यान मुलाला कोणकोणत्या मापांनी मोजतात? झोक्यासाठी वयाऐवजी उंची का पाहिली जाते?

या साऱ्या मापांत एक माप कोणीच घेत नाही. मुलाचा उत्साह किती आहे आणि दम किती आहे, हे ते माप होय. ते बरोबरच्या मोठ्या माणसालाच घ्यावे लागते आणि येथे एक फसवी गोष्ट आहे. मोठा माणूस थकला की मंदावतो, खाली बसतो. लहान मूल थकले की बऱ्याचदा अधिक धावते, मोठ्याने हसते, मग क्षुल्लक कारणावरून रडू लागते. पाहणाऱ्याला वाटते, केवढी ही शक्ती! खरे तर ती विश्रांतीची मागणी असते. तीन-चार वर्षांच्या मुलांनी दिवसभरात किमान तीन तास शारीरिक हालचाल करावी आणि दहा ते तेरा तास झोप घ्यावी, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सुचवले आहे. या झोपेत दुपारचीही झोप धरलेली आहे. सहलीच्या दिवशी हालचाल तिप्पट होते आणि दुपारची झोप मात्र बुडते. म्हणून सकाळी लवकर जाऊन जेवणाच्या वेळेला परतणे, किंवा दुपारची झोप झाल्यावर संध्याकाळी दिवे लागताना जाणे, हे दोनच बेत मला शहाणपणाचे वाटतात. ‘तिकीट काढले आहे, तर सर्व पाहूनच जाऊ’ हा तिसरा बेत मुलाला फार महाग पडतो.

दिल्लीच्या ऋतूंचाही विचार हवा. मे-जूनच्या उन्हात लहान शरीर लवकर तापते. नोव्हेंबरात हवा पुष्कळदा इतकी दूषित असते की बाहेर धावायला नेऊच नये. मुले मोठ्यांपेक्षा भराभर श्वास घेतात आणि धावताना त्याहून अधिक. फेब्रुवारी आणि मार्चचे दिवस त्या मानाने बरे.

उद्यानात पोहोचल्यावर मोठे आणि लहान एकाच वस्तूकडे पाहत असले, तरी वेगळे काही पाहत असतात. आजोबा सांगतात, “हा बघ आयफेल मनोरा. पॅरिसला आहे.” पॅरिस कोठे आहे हे नातीला ठाऊक नाही, आणि खरा मनोराही तिने पाहिलेला नाही; मग प्रतिकृतीचे कौतुक तिला कसे वाटावे? ती वाकून लोखंडाच्या जोडाकडे पाहते आणि ओरडते, “आजोबा, ही तर सायकलची साखळी!” तिची थीम तिला सापडली. पुढचा तासभर ती प्रत्येक ठिकाणी ओळखीच्या वस्तू शोधू शकेल. एखाद्या पायरीवर पाच वेळा चढून उतरेल आणि कदाचित ताजमहालाकडे पाठही फिरवील. सातही प्रतिकृती पाहिल्याच पाहिजेत हा मोठ्यांचा हट्ट असतो. तीन पाहिल्या तरी दिवस पुरा होतो.

मुलाला घड्याळ कळत नाही. ‘वीस मिनिटांनी निघू’ याला त्याच्या लेखी अर्थ नाही. ‘अजून दोन फेऱ्या, मग पाणी, मग गाडी’ याला आहे. निघण्याची सूचना आधी मिळाली तर दारातले रडणे अगदी टळते असे नाही, पण कमी होते.

आता सर्वांत गंभीर भागाकडे वळू. मुले हरवतात ती बहुधा मोठ्यांचे लक्ष क्षणभर दुसरीकडे गेले असता. आई तिकिटाचे पैसे देत असते, बाबा छायाचित्र काढत असतात. “ती तुझ्याकडे होती ना?” “मला वाटले, तुमच्याकडे आहे.” एवढ्या संवादाइतका वेळ धावऱ्या मुलाला पुरतो. म्हणून दोन-तीन मोठी माणसे बरोबर असतील तेव्हा प्रत्येक वेळी जबाबदारी नाव घेऊन एकाकडे द्यावी: “आता पाच मिनिटे तुम्ही पाहा.” घरून निघताना त्या दिवशीच्या कपड्यांत मुलाचे छायाचित्र काढून ठेवावे, घाबरलेल्या माणसाला सदऱ्याचा रंगही आठवत नाही. पालकांचा दूरध्वनी क्रमांक मुलाच्या खिशात किंवा मनगटावर आतल्या बाजूने लिहावा. नाव मात्र कपड्यावर ठळक लिहू नये. नावाने हाक मारणारा माणूस मुलाला ओळखीचा वाटतो.

मुलाला काय शिकवावे? ‘अनोळखी माणसाशी बोलू नकोस’ एवढेच सांगितले, तर हरवलेले मूल मदत मागण्याऐवजी लपून बसते. त्याऐवजी असे सांगावे: आम्ही दिसलो नाही तर तेथेच थांब, मोठ्याने हाक मार, आणि कोणी आले नाही तर गणवेशातल्या माणसाकडे किंवा मुले बरोबर असलेल्या बाईकडे जा. हे नुसते सांगून भागत नाही. सरोजिनी नगरच्या बाजारात जाताना खेळासारखा त्याचा सराव करावा: “सांग बरे, आत्ता मी दिसले नाही तर तू कोणाकडे जाशील?”

एवढे करूनही मूल दिसेनासे झाले, तर प्रथम उद्यानाच्या सुरक्षारक्षकांना सांगून दारांवर लक्ष ठेवायला लावावे आणि जवळ पाणी, रस्ता किंवा यंत्रे असतील तर तेथे आधी धावावे. ११२ हा आपत्कालीन क्रमांक आणि १०९८ हा बालकांच्या मदतीचा क्रमांक लगेच लावावा. पोलिस चोवीस तास थांबायला सांगतात, असा समज अजून आढळतो. तो चुकीचा आहे. ‘बचपन बचाओ आंदोलन’ संस्थेच्या याचिकेवर १० मे २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या आदेशानुसार हरवलेल्या मुलाच्या तक्रारीवर गुन्हा नोंदवून तपास सुरू करणे पोलिसांवर बंधनकारक आहे. पहिले काही तासच सर्वांत मोलाचे असतात.

इतका मोठा बेत नको असेल, तर लक्ष्मीबाई नगरापासून फार दूर नसलेल्या चाणक्यपुरीत १ फेब्रुवारी १९७७ रोजी सुरू झालेले राष्ट्रीय रेल्वे संग्रहालय आहे. तेथे मुलांना घेऊन फिरणारी छोटी आगगाडी आहे आणि पटियाला संस्थानातील एकाच रुळावर चालणारी, वाफेच्या इंजिनाची जुनी गाडीही आहे. सोमवारी ते बंद असते. रूळ, इंजिन, शिट्टी एवढ्यावर चार वर्षांचे मूल अर्धा दिवस आनंदात घालवते.

स्वाध्याय

१. ‘थकलेले मूल अधिक धावते’ या विधानाचा अर्थ पाठाच्या आधारे स्पष्ट करा.

२. तुमच्या घरातील किंवा शेजारच्या सहा वर्षांखालील मुलाची उंची दाराच्या चौकटीवर तारखेसह नोंदवा. मग गावातील बागेत, जत्रेत किंवा उद्यानात त्या मुलाबरोबर एक तास घालवा. त्याने कोणत्या वस्तूपाशी सर्वांत जास्त वेळ काढला आणि तुम्ही कोणती दाखवू पाहत होता, हे आठ-दहा वाक्यांत लिहा.