डळमळीत गुणपत्रक आणि दोन वर्षांची वाट

अर्जांची मुदत जवळ येऊ लागली, की कॅलिफोर्नियातील मराठी पालकांकडून दरवर्षी तोच प्रश्न येतो: मुलगा नववी संपवून पुण्याहून इकडे आला, दहावीत घसरला, अकरावीत सावरला, आता बर्कलीला संगणकशास्त्रात प्रवेश मिळेल काय? बहुधा मिळणार नाही, असे माझे स्पष्ट उत्तर असते.

गुणांचा चढउतार हा गुन्हा नव्हे, आणि त्याची सफाई देता येते. कॅलिफोर्निया विद्यापीठ नववीचे गुण सरासरीत धरीत नाही, सॅटचे गुण प्रवेशासाठी पाहत नाही, आणि 'डी' मिळालेला विषय पुन्हा करून 'सी' किंवा वरची श्रेणी मिळवली तर ती मान्य करते. महाराष्ट्रात साठ टक्क्यांना प्रथम श्रेणी म्हणतात, हे अमेरिकन अधिकाऱ्यास आपोआप कळत नाही. म्हणून खासगी विद्यापीठांकडे अर्ज करताना बोर्डाची श्रेणीपद्धत शाळेच्या काउन्सेलरच्या पत्रातून समजावून द्यावी, आणि घसरणीचे कारण दोन वाक्यांत, करुणेची याचना न करता, नमूद करावे. इतके झाले की या विषयात फारसे उरत नाही.

उरते ते कम्युनिटी कॉलेज, ज्याचे नाव काढताच सुशिक्षित घरातील आईवडिलांचा चेहरा उतरतो. १९६० च्या उच्चशिक्षण आराखड्यापासून या राज्याने ज्या संस्थांची दारे जवळजवळ सर्वांसाठी उघडी ठेवली, ज्यांची संख्या आज ११६ आहे आणि ज्यांत डी अँझा व फुटहिल यांसारखी आपल्या वस्तीलगतची महाविद्यालये मोडतात, त्या संस्थांत दोन वर्षे मन लावून शिकलेल्या विद्यार्थ्यास तिसऱ्या वर्षी विद्यापीठात जाता येते, आणि त्या वेळी शाळेतील गुणांऐवजी महाविद्यालयातील गुण तोलले जातात. डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सांता बार्बरा आणि सांता क्रूझ ही कॅलिफोर्निया विद्यापीठाची सहा केंद्रे तर ठरावीक विषय व सरासरी पूर्ण करणाऱ्यास प्रवेशाची लेखी हमी देतात. तिचा अर्ज सप्टेंबरात, मुख्य अर्जाच्या आधी, करावा लागतो. बर्कली व लॉस एंजेलिस ती देत नाहीत, आणि काही ठिकाणी संगणकशास्त्रही हमीबाहेर ठेवलेले असते, हे आधीच जाणून घ्यावे. दहावीत भाषेशी झुंजलेल्या मुलाला नव्या पानावर लिहू देणारी याहून न्याय्य व्यवस्था मला ठाऊक नाही. रहिवाशास तिची फी विद्यापीठाच्या मानाने अत्यल्प पडते, हा आणखी एक लाभ.

तरीही मंडळाच्या गणेशोत्सवात कोणी विचारील या धाकाने पालक हा मार्ग नाकारतात, महागडे सल्लागार नेमतात, आणि देशांतराचा सारा खर्च व विरह मुलाच्या प्रवेशपत्राने भरून निघावा अशी न बोललेली अपेक्षा त्याच्या माथी मारतात. हे अन्यायाचे आहे. स्थलांतराचा निर्णय तुमचा होता. चौदाव्या वर्षी आपले मित्र, भाषा आणि आजीआजोबा सोडून येताना त्याला कोणी विचारले नव्हते. घसरलेले एक वर्ष ही त्याने मोजलेली किंमत आहे, आणि तिच्यासाठी त्याला दुसऱ्यांदा शिक्षा देऊ नका.

एच-४ व्हिसावरील मुलांच्या पालकांनी मात्र एक हिशेब आजच मांडावा. त्यांना केंद्र सरकारची आर्थिक मदत मिळत नाही, आणि वयाच्या २१ व्या वर्षी त्यांचा आश्रिताचा दर्जा संपतो. तोवर ग्रीन कार्ड आले नाही तर एफ-१ हा विद्यार्थी व्हिसा घेण्याची वेळ येते, आणि मग फी रहिवाशाच्या दरानेच आकारली जाईल असे गृहीत धरता येत नाही. दोन वर्षांच्या महाविद्यालयानंतरची दोन वर्षे नेमकी याच वयात येतात. महाविद्यालय निवडण्याआधी मुलाची जन्मतारीख आणि ग्रीन कार्डाची अग्रक्रम तारीख घेऊन इमिग्रेशन वकिलाकडे जावे, आणि त्या बैठकीस मुलालाही सोबत न्यावे.